आत्ती, तुला विमानात बसवलंय

कोल्हापूर,
२९ मार्च १९९९

ती. आत्तीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

'आक्का, तुझ्या रश्श्यात पोहायला शिकता येईल.' आर्यनच्या नामकरणाला, तुझ्याच अंगणात, तुझ्या व्याह्यांच्या पंगतीत बसून आप्पा असं म्हणाले होते. तूही लगेच म्हणालीस, की ज्याला मॅट्रिक व्हायला तीन वर्षं लागली त्याला पोहायला किती लागतील. तुझा नातू आता शाळेत जातो, पण तुम्ही दोघं भावंडं अजून त्या पंगतीतून उठलेली नाहीत.

सोळा मेला माझं लग्न. आप्पांनी तुला पत्रिका टपालानं पाठवली म्हणून तू संतापलीस, हे तुझ्या शेजारच्या गुंडूकाकांकडून कळलं. सख्ख्या बहिणीला टपालानं बोलावत नाहीत, हे मलाही मान्य. पण आप्पा म्हणतात, तिनं ये म्हटल्याशिवाय मी तिच्या दारात जाणार नाही. आणि तू म्हणतेस, तो न्यायला आल्याशिवाय मी येणार नाही. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास. लग्नाच्या पांढऱ्या साडीच्या निऱ्या दुसरं कुणी घालणार असेल, तर मी पंजाबी ड्रेसवरच वंदनेला उभी राहीन.

ऑफिसचं विचारलं होतंस. शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर सध्या एका परदेशी विमान कंपनीच्या आरक्षणाचं काम आहे. प्रोग्राम कोबोल भाषेतले, वयानं माझ्याएवढे. त्यांचं खोलीभर मशीन तिकडे. इथं आम्ही टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, त्याला वर्कस्टेशन म्हणायचं, ते कंपाइल करतो, म्हणजे मशीनला कळतील असे करून घेतो, आणि मग खोटे प्रवासी बसवून चालवून बघतो. २००० साल लागल्यावर ते कोलमडू नयेत एवढ्यासाठी हा खटाटोप. एक टिंब राहिलं तरी मशीन पानभर चुका काढतं, स्वभाव तुझ्यासारखा. खोट्या प्रवाशांना नावं लागतात, ती मी घरचीच घातली. तेव्हा आत्ती, तू विमानात आहेस. खिडकीशी आप्पा, शेजारी तू.

लोभ आहेच, त्यातला थोडा आप्पांकडे वळव.

तुझी,
दीक्षा


नेसरी,
४ एप्रिल १९९९

चि. दीक्षास,
अ. आ.

पत्र मिळालं. मला न इचारता इमानात बसवलीस, त्ये ठीक. पर त्याच्या शेजारी? एवढ्या मोठ्या इमानात दुसरी जागा न्हवती व्हय? आन खिडकी त्याला कशापायी? मी मोठी हाय. मला खिडकी दे आन त्याला माझ्या जागी सरकीव, न्हायतर मी उतरतो.

रश्श्याचं म्हणशील, तर त्या दिवशी पावणं वाढलं आन मटान हुतं तेवढंच. पाणी घातलं, व्हय, घातलं की. पर भावानं झाकायचं का पंगतीत उघडं करायचं?

तुझ्या लग्नासाठी शेंगांचं लाडू करायला घेतल्यात. मी घिऊन येईन असं समजू नकोस. मी बी टपालानंच धाडणार.

लोभ हाय, पर तुझ्यापुरता.

तुझी आत्ती,
आक्काताई


कोल्हापूर,
९ एप्रिल १९९९

ती. आत्तीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुला खिडकी द्यायला गेले आणि विमान जागच्या जागी अडकलं. माझ्या कॉम्प्युटरवरून मी तुझ्या नावानं आप्पांची जागा मागितली. त्याच वेळी शेजारच्या टेबलावरची प्रियदर्शनी आप्पांच्या नावानं तुझी जागा मागत होती. मागितलेली मिळेपर्यंत हातातली सोडायची नाही, असा तिथला कायदा. तू तुझी जागा धरून आप्पांची वाट बघत बसलीस, आप्पा त्यांची धरून तुझी. आम्ही डबे खाऊन आलो तरी तुम्ही तसेच. साहेबांनी विचारलं, या दोघांचं नेमकं बिनसलंय काय? मी म्हटलं, ते फार जुनं आहे.

शेवटी मी प्रोग्राममध्ये लिहिलं, की अडकलं तर हातातलं सोडून मागं सरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून मागायचं. मागं सरलेल्याचं अर्धवट राहिलेलं सगळं मशीन पुसून टाकतं, जणू काही घडलंच नव्हतं. कुणी त्याला हसत नाही.

आत्ती, तू मोठी आहेस. जयंतीची गडबड संपली की तूच ये. अठराला रविवार आहे. रश्श्यात पाणी होतं, हे मी आप्पांना सांगितलेलं नाही.

लोभ असावा आणि तो एस.टी.नं यावा.

तुझी,
दीक्षा


नेसरी,
१९ एप्रिल १९९९

चि. दीक्षास,
अ. आ. द्यायचं मनात न्हाय, तरी देतो.

तुझं ऐकून काल मी कोल्हापुरास आलतो. कळवून आलो असतो तर त्याला वाटलं असतं, आक्का वाकली. म्हणून गपचिप आलो. दाराला कुलूप. शेजारची चिमणाबाई म्हणाली, दीक्षा हापिसात गेलीया आन तुमचा भाऊ बाबासो सकाळीच इस्त्रीची कापडं घालून भाईर पडलाय. मी म्हटलं, वास लागला वाटतं, पळाला. तिच्या पायरीवर बसून तिचाच च्या पिऊन परत फिरलो.

हितं येतो तर गुंडू सांगतोय, बाबासो दिवसभर माझ्या दारात बसून गेला. सगळ्या आळीला इचारत हुता, आक्का कुठं गेली, मी येणार म्हणून गेली काय. माझ्या दारात बसून मलाच पळपुटी ठरवून गेला की.

त्याला सांग, माझी गाडी आदी सुटलीती. म्हंजे पयलं मी आलो. आता त्याची पाळी.

लाडू झाल्यात. लोभाचं फुडं बघू.

आक्काताई


कोल्हापूर,
२३ एप्रिल १९९९

ती. आत्तीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझा राग माझ्यावर काढ. तुला पत्रात जे लिहिलं, तेच मी इथं आप्पांच्याही मागं लागून सांगत होते, एकाचं दुसऱ्याला कळू न देता. निपाणीच्या आसपास तुमच्या दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असतील. आप्पाही म्हणतात, त्यांचीच गाडी आधी सुटली.

त्याच रविवारी मी ऑफिसात बसून काय बघत होते, सांगू? तू आणि आप्पा एकदम मागं सरलात, एकदम पुढं आलात, पुन्हा अडकलात, पुन्हा मागं. संध्याकाळपर्यंत हेच. साहेब म्हणाले, दोघांना एकच शहाणपण शिकवलंस, म्हणून असं झालं. एकानं सरायचं आणि दुसऱ्यानं तोवर नुसतं थांबायचं. मग प्रोग्राममध्ये घातलं, की ज्याचं नाव मागून आलं त्यानं सरायचं. पुन्हा कंपाइल केलं, चालवलं, आणि तू खिडकीशी बसलीस.

तो कायदा मी घरी सांगितला. आप्पांनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, जन्माला मागून आलो त्याला आता इलाज नाही. इस्त्रीचे कपडे त्यांनी पुन्हा काढून ठेवलेत. दोन मेला, रविवारी, पहिल्या गाडीनं ते तुला न्यायला निघतील. पुन्हा कुलूप दिसलं, तर ते तिसऱ्यांदा यायचे नाहीत आणि मग लग्नही तोंडावर येईल. तू नसशील त्या लग्नात मी हसू कशी, हे मला कळत नाही.

म्हणून एक मागते. त्या दिवशी काही करू नकोस. दळणाला जाऊ नकोस, बाजाराला जाऊ नकोस, त्यांच्या आधी पोचावं म्हणून गडहिंग्लजच्या स्टँडवर जाऊन उभी राहू नकोस. लोभ असेल तर घरी बसून राहा, दार उघडं ठेवून, आणि त्यांना येऊ दे. जन्मात तू कधी अशी बसली नाहीस आणि याही वेळी बसणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी बस.

तुझी,
दीक्षा