पहिली गोळी चाखणाऱ्याची

माधवगंज, लष्कर
१० डिसेंबर १९५६

चि. कान्होजी यास दादाचे अनेक आशीर्वाद. मुंबईत तुझं बस्तान बसलं असेल, सौ. शालिनीचा खोकला थांबला असेल. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

तुझ्या वहिनीच्या छातीतली गाठ कॅन्सरचीच निघाली. काढली, तर काखेत परत आली. आता डॉक्टर भालचंद्रांनी मुंबईच्या इस्पितळातून एक नवं औषध मागवलंय. ते आधी काचेच्या बशीतल्या पेशींवर घालून बघितलं, मग उंदरांवर. (उंदीर वाचले का, विचारलं. काही वाचले, म्हणाले. किती, ते विचारायचा धीर झाला नाही.) आता माणसांची पाळी. तीही मोजक्यांचीच, आणि त्यांच्यावर बघायचं ते एवढंच, की अंगाला किती सोसतं. गुण येतो का ते पुढच्या माणसांवर, जुन्या उपचारापेक्षा बरं का ते त्यांच्याही पुढच्यांवर. म्हणजे तुझी वहिनी पहिल्याच पंगतीला बसली. ती मात्र सगळं ऐकून, सही करून मोकळी झाली.

तुला ठाऊकच आहे, संस्थान विलीन होईपर्यंत मी सरदारांच्या मुदपाकखान्यात चाखणारा होतो. प्रत्येक वाटीतला पहिला घास माझा. घटकाभर मी धड राहिलो की मग ताट आत. (मध्यभारत राज्य झालं, नोकरी गेली. गेल्या महिन्यात तेही राज्य मोडलं आणि राजधानी भोपाळला पोचली. सवय तेवढी माझ्याकडे राहिली.) गोळ्यांची बाटली घरी आली आणि मला राहवलं नाही. पहिली गोळी मीच गिळली. घड्याळासमोर बसून राहिलो. दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि काखेत गाठ असलेली बाई लिंबाचं सरबत घेऊन माझ्या उशाशी बसली.

डॉक्टर भयंकर संतापले. गोळ्या तिच्या वजनाला मोजून आलेल्या, एकही जास्तीची नाही, आणि मधे खंड पडून चालत नाही. म्हणजे नवी गोळी येईपर्यंत सुरुवातच नाही. मी तरीही विचारलं, मला एवढं झालं तर हिचं काय होणार? ते म्हणाले, "महिपतराव, तुम्हाला गाठ नाही. तुमच्यावरून त्यांचं काही कळत नाही."

तेव्हापासून जेवण जात नाही. तीस वर्षं लोकांची ताटं चाखली, कधी भ्यायलो नाही. हे एकच ताट असं आहे की तिच्याआधी कोणी चाखून उपयोग नाही. मला फार भीती वाटते, कान्होजी. त्यातून माझ्यापायी तिचे दिवस वाया चाललेत.

तुझा दादा,
महिपत

ता.क. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. ती दाखवून तिथल्या इस्पितळातून गोळी घे. टपालाने पाठवू नकोस, मिळेल त्या दिवशी पंजाब मेल पकडून स्वतः घेऊन ये.

ता.क. २. तुझ्या वहिनीने पत्र वाचलं. म्हणते, भाऊजींना लिहा, ओकारीवरचं औषधही आणा, मी गोळी घेईन तेव्हा ह्यांना लागेल.

ता.क. ३. वाटेत चाखू नकोस. तूही याच घरातला आहेस.