तळ्यातला खलाशी

मुहर्रक, विमानतळ
६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

माझ्याबरोबर गावी निघालेल्या जयेशची बॅग पट्ट्यावरून आत गेली. माझी मी परत मागून घेतली आहे. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं की काय झालं. मी तब्येतीचं सांगितलं. जयेश आत जाण्यापूर्वी हे त्याच्या हातात द्यायचं आहे, म्हणून अक्षर असं.

ताई, मी येत नाही. परवा विनीतचं जहाज बुडाल्याला वर्ष होईल. त्या दिवशी तुझ्याजवळ बसून तुला त्याच्या विधीसाठी राजी करीन, असं मी तुझ्या सुनेला कबूल केलं होतं. श्रेया वाट बघत असेल. तुझ्यासमोर बसायचं धैर्य इथपर्यंत पुरलं. पुढे पुरत नाही.

जयेशकडे खजूर आणि गुडघ्याचा बाम दिला आहे. बाम रोज लाव.

रागाव, पण माझं नाव टाकू नकोस.

तुझा,
दत्ताराम


देवगड
११ नोव्हेंबर २०२४

चि. दत्तारामास,
अ. उ. आ.

जयेश येऊन गेला. पाच घावणे खाल्ले आणि सांगितलं की काकांना ताप आहे. मी म्हटलं, त्याला लहानपणापासून ताप परीक्षेच्या दिवशीच येतो. बिचारा खाली बघून चहा प्याला. खोटं बोलायला दुसऱ्याला पाठवू नये, शहाण्या.

आठ तारखेला माणसं येऊन बसली. गुरुजीही आले. म्हणाले, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, शास्त्रात आहे. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. श्रेया आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. ते काढ म्हणायला माझी जीभ धजत नाही आणि राहू दे म्हणायलाही धजत नाही.

मी हट्टी आहे असं तुम्ही सगळे म्हणता. पण आपले बाबा बुडाले तेव्हा पाचव्या दिवशी खाडीच्या तोंडाशी आले. तू सात वर्षांचा होतास, तुला पाठीमागे धरून मी उभी होते. गेल्या शिमग्यात होडी उलटली, त्यातले दोघेही तिसऱ्या दिवशी आले. दर्या नेतो, पण परत देतो. म्हणून तर या घरातलं कुणी पुन्हा दर्यावर जाणार नाही, असं आईने ठरवलं. तूही जहाजं दुरुस्त करतोस, चढत नाहीस. विनीतला मी नाहीच म्हणाले होते. तू फोन केलास की कॅनडाकडचं काम आहे, हंगामभर तळ्यातल्या बंदरांतच फिरायचं, गोडं पाणी, भरती नाही, ओहोटी नाही. मग मी हो म्हणाले.

मला एकच सांग. दर्या देतो, तर तळं का देत नाही? तू जहाजांतला माणूस, तुला ठाऊक असेल. मी रोज सकाळी खाडीवर जाते. तळ्याचं पाणी कुठेतरी समुद्राला मिळत असेलच ना.

फोनवर तू खोकतोस आणि ठेवतोस. म्हणून लिही. खरं लिही. हे मी लिहिलं की श्रेया फोटो काढून तुला पाठवते, तूही तसंच कर.

स्मिता आणि स्पृहाला आशीर्वाद. तुझ्यासाठीही आहेत, ताप उतरला की घे.

तुझी,
ताई


नईम, मनामा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ते तळं नाही. आपण तळं म्हणत राहिलो, ती चूक माझी.

स्पृहाने मला नकाशा दाखवला. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा त्यात आडवा मावेल. मी राहतो तसे शंभर बहरैन त्यात बुडतील. समुद्राची लाट लांब असते, जहाज तिच्यावर चढतं आणि उतरतं. तिथली लाट आखूड. एक ओसरण्याआधी दुसरी येते. नोव्हेंबरात वादळं सुटतात आणि डेकवर उडालेलं पाणी बर्फ होऊन बसतं. जहाज जड होत जातं. विनीतच्या ‘मार्गरेट हॉल्डन’मध्ये वर गहू होता, हंगामातला शेवटचा. एकवीस माणसं होती. एकही मिळाला नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर असं आहे. ते पाणी फार थंड. इतक्या थंडीत खाली गेलेला देह वर येत नाही. आपलं पाणी कोमट, म्हणून बाबा आले. एवढंच कारण आहे. त्यात दर्याची दया नाही आणि सरोवराचा दुष्टपणा नाही. पाणी समुद्राला मिळतं, पण आज सरोवरात असलेलं पाणी बाहेर पडायला दोनशे वर्षं लागतात. स्पृहा हे इंग्रजीतून वाचून दाखवत होती. मध्येच थांबली आणि मराठीत म्हणाली की बाबा, पुढचं नको. एरवी मराठीत विचारलं तरी ती इंग्रजीतच उत्तर देते.

आता मी का आलो नाही ते.

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी विनीतचा मला फोन आला होता. मी यार्डात होतो, जेवणाची सुट्टी होती, शेजारी माझ्याबरोबर काम करणारा बासित होता. हात ग्रीसने भरलेले म्हणून फोन स्पीकरवर टाकला. विनीत म्हणाला, मामा, गव्हाच्या कोठाराच्या झाकणातून पाणी आत जातं, सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही, आणि वाऱ्याचा इशारा आहे. मी इथेच उतरू का, असं त्याने विचारलं.

मी हसलो. त्याला तळ्यातला खलाशी म्हणालो. म्हणालो, तुझे आजोबा शिडाच्या होडीतून मुंबई गाठायचे आणि तू डबक्यात घाबरतोस. बासितने हिंदीत विचारलं, काय झालं, मी सांगितलं, तोही हसला. मग विनीतही हसला. म्हणाला, बरं मामा. आणि फोन ठेवला.

उतरू नकोस, असं मी म्हणालो नाही. हे मी वर्षभर स्वतःला सांगतो आहे. ताई, मी सव्वीस वर्षं तीच झाकणं वेल्ड करतो. झाकणातून पाणी म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळतं? त्या दिवशी कळलं नाही, कारण मी त्याला तळं समजत होतो.

बासितला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, खलास, आता घरी जा आणि बहिणीला सांग. विमानतळापर्यंत त्यानेच सोडलं होतं. घरी परत न्यायलाही तोच आला.

हे श्रेयाही वाचेल. वाचू दे.

लोभ मागण्याजोगं काही उरलेलं नाही.

दत्ताराम


देवगड
२४ नोव्हेंबर २०२४

चि. दत्तारामास,
आ.

पत्र श्रेया मला वाचून दाखवत होती. तुझ्या हसण्यापाशी तिने फोन माझ्या हातात दिला. पुढचं मी वाचलं.

आठवडाभर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर शिव्या लिहिल्या असत्या. बऱ्याचशा भांड्यांवर काढल्या. दोन शिल्लक आहेत, त्या तोंडावर देईन.

माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पुढे होईल का ते माहीत नाही. तू पोर असताना मला सगळं सांगायचास आणि मग झोपायचास. या वेळी सांगायला वर्ष लावलंस. त्या वर्षात मी खाडीवर किती वेळा गेले, ते तुला कळायला हवं.

पण दोनशे वर्षं मी तिथे उभी राहू शकत नाही.

गुरुजींना निरोप धाडला आहे. एक डिसेंबर, अमावास्या. विनीतच्या लग्नात तू मामा म्हणून त्याच्या पाठीशी उभा होतास. हेही मामाचंच काम आहे, यातून तुला सुटका नाही.

ये. आल्यावर माझ्या पाया पडू नकोस, मला ते सहन होणार नाही.

ताई


देवगड
३० नोव्हेंबर २०२४

सौ. स्मितास,
सप्रेम नमस्कार.

काल पोचलो. घर माणसांनी भरलं आहे, फोनवर धड बोलता येत नाही. जयेश परवा बहरैनला परततो, त्याच्याकडे हे देतो.

ताईने दोन्ही शिव्या दारातच दिल्या. अंगणात बायका बसल्या होत्या. मग तिने पाय धुवायला पाणी दिलं. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही, पण दोन्ही वेळा ताटात वाढलं. भात कमी घेतला तर न विचारता आणखी घातला. ती फार वाळली आहे.

श्रेया दुपारी मागच्या पडवीत आली. तिने एकच विचारलं, की फोनवर तो घाबरलेला वाटत होता का. मी हो म्हणालो. ती म्हणाली, तिला तो रोज सगळं ठीक आहे असंच सांगायचा. मग म्हणाली, बरं झालं, कुणालातरी खरं सांगितलं. ती मला हात देऊन आत घेऊन गेली.

स्पृहाला म्हणावं, तिने वाचून दाखवलं ते आत्याला कळलं. तुम्ही दोघी वेळेवर जेवा. माझी काळजी आत्ता करू नकोस, परत आलो की मग कर.

तुझा,
दत्ताराम

ता. क. १ डिसेंबर, सकाळ. संकल्पाआधी गुरुजींनी विनीतचं वय विचारलं. मी अठ्ठावीस म्हणालो. या मार्चमध्ये ताईने त्याचा वाढदिवस केला होता, शिरा करून वाडीत वाटला होता. ताई म्हणाली, सत्तावीस, तो गेला तेव्हाचं. गुरुजींनी तेच धरलं. नऊ वाजता ताईनेच अग्नी दिला. दर्भ वाळलेला होता, लवकर आटोपलं.