सईसाठी तीन मिनिटं

७ ऑक्टो., मंगळ.
बाटली आजही भरलेलीच परत. सई दिवसभर पाणी पीत नाही. का, तर बसमध्ये शू लागली तर? पहिलीतली पोर, आणि हे डोकं चालवते. घरामागची शाळा पाच मिनिटांवर, पण फुल. म्हणून आमच्या गल्लीतली मुलं बसनं गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत, जाऊन-येऊन दोन तास. आणि शाळेपलीकडच्या मक्याच्या शेतात बिल्डर अजून घरं बांधणार. बांध बाबा.

९ ऑक्टो.
डॉक्टरकडे. युरिन इन्फेक्शन, दुसऱ्यांदा. पाणी पाजा म्हणाली. अगं बाई, मी काय नको म्हणतेय का? मंदार म्हणतो, घर विकू. शाळा जवळ म्हणूनच तर घेतलं होतं. नवऱ्यावर नको इतकी ओरडले. मग गॅरेजमध्ये गाडीत बसून रडले.

१२ ऑक्टो., रवि.
मंडळाच्या दिवाळीची मीटिंग, सबनीस काकांकडे. काका इथल्याच शॉमबर्गमधल्या कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर, मंडळ त्यांनीच सुरू केलं, व्हिलेज बोर्डावरचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेतले, सगळे ओळखीचे. मी विषय काढला. बोर्ड बिल्डरांवर शाळेची फी लावायची म्हणतंय, प्रत्येक नव्या घरामागे. लागली तर आमच्या शाळेला नवे वर्ग, मुलं परत इथे. मंगळवारी हिअरिंग, नाव दिलं की कोणालाही तीन मिनिटं बोलता येतं.
काका म्हणाले, "मी बोलणारच आहे. तूही नाव दे."
हुश्श. आम्ही व्हिसावाले, आम्हाला मत नाही. काकांचं ऐकतील.

१४ ऑक्टो., मंगळ.
लिहवत नाहीये.
काका उठले आणि फीच्या विरुद्ध बोलले. बिल्डर ती किमतीतच लावणार, मग नव्याने येणाऱ्या तरुणांनी घरं घ्यायची कशी? खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.
लगेच माझं नाव. तीन मिनिटं. आणि मी मूर्ख, मंडळात सूत्रसंचालन करून करून जिभेला तेच वळण. आधी बोर्डाचे आभार. मग काका आम्हाला वडिलांसारखे. आम्ही नवीन आलो तेव्हा थंडीचे कोट काकूंनी दिले, तेही सांगितलं. यांच्यासमोर यांच्या विरुद्ध कसं बोलायचं, म्हणून बोलतच राहिले. सईपाशी आले आणि लाल दिवा, वेळ संपला. "थँक यू, मॅम."
काकांनी पाठीवर हात ठेवला. "छान बोललीस."
निर्णय पुढच्या महिन्यावर.

१५ ऑक्टो.
सकाळी दूध-सीरियल खाता खाता सई, "आई, डिड यू टेल देम अबाउट मी?"
हो म्हणाले.

२५ ऑक्टो., शनि.
मंडळाची दिवाळी. स्टेजमागे त्याच बिल्डरचा बॅनर. प्रायोजकांचे आभार मीच मानले, अगदी गोड आवाजात. स्वतःची किळस आली.
जेवणाच्या रांगेत धीर केला. "काका, विरुद्ध बोलणार होतात तर आधी सांगायचं."
"तू विचारलंस कुठे?"
नव्हतंच विचारलं. आपले काका म्हणजे आपल्याच बाजूचे, हे मी धरूनच चालले. वर म्हणाले, "मुलं रुळतात गं." ताटातलं काही गेलं नाही.

३ नोव्हें., सोम.
आज बसमध्ये झालीच. ओल्या पँटमध्ये उतरली. मुलं हसली. घरात आल्यावर म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टु गो एनीव्हेअर." मांडीवरून उतरेना. काय करू मी? खरंच, काय करू?
मंदारला म्हटलं, उद्या बोर्डापुढे मी परत बोलणार. तो म्हणाला, काकांशी वाकडं घेशील, इथे आपलं दुसरं कोण आहे यार? बरोबर आहे त्याचं. कोणी नाही.

४ नोव्हें., मंगळ.
हॉलमध्ये बसून फोनवर लिहितेय. लवकर येऊन नाव दिलं, या वेळी पहिलं माझं. काका पुढच्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर त्यांचा कोट. माझ्यासाठी जागा धरलीय. दोनदा वळून शोधलं त्यांनी. मी मागे, खांबाआड.
आभार नाही मानायचे. काकांचं नाव नाही घ्यायचं. सईपासून सुरू करायचं. सकाळची बाटली पर्समध्ये आहे, भरलेली.
काकांनी बघितलं मला. कोट उचलून मांडीवर घेतला, ये म्हणून खूण करतायत.
माझं नाव पुकारलं.