माझी दोन्ही वाक्यं

प्रिय वन्सं,

त्या सकाळी नळाला पाणी लवकर आलं होतं. बादल्या भरून झाल्या होत्या, चहाचं आधण ठेवलं होतं आणि मी करपलेलं पातेलं घासत बसले होते. हे उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होते. मी म्हटलं, आज इतक्या लवकर? तर म्हणाले, साहेबांनी बोलावलंय, हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम आहे. मी म्हटलं, ती तर चांगली चालतेय. म्हणाले, म्हणूनच.

घरी आले तेव्हा कळलं. मंत्र्यांच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली होती. तिच्या पॅनेलमधलं, लिफ्ट चालवणारं सर्किटचं कार्ड जळलं होतं. नवं कार्ड बाहेरून यायचं, ते परदेशांनी आपल्या सरकारवर निर्बंध लावल्यापासून येत नव्हतं. दोन्ही लिफ्टी एकाच कंपनीच्या. मग काय, हॉस्पिटलच्या लिफ्टमधलं कार्ड काढून तिकडे बसवलं, आणि तेही ह्यांच्याच हातून. जेवताना एवढंच म्हणाले, मंत्रिसाहेबांच्या पोटाला आता जिना चढायला नको. विनोद होता, पण हसले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

निर्बंध हवेत म्हणून तुम्ही तिकडे परदेशात सभा घेता, लेख लिहिता. ते सगळे मी वाचते. मला वाचायला कुणी शिकवलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालता घालता त्यांच्यावरच्या वॉर्डांच्या शिक्क्यांवरून अक्षरं लागली, मग रद्दीतली वर्तमानपत्रं, मग मिळेल ते. तुमचं मराठी छान आहे. तुम्ही लिहिता, नाड्या आवळल्या की हे सरकार गुदमरेल. वन्सं, गुदमरलं कोण?

बरं, त्या लिफ्टी आल्या ते दिवस आठवतात का? तुम्ही त्याच कंपनीच्या दुभाषी होतात. फीत कापली, फोटो निघाले, मंत्री आणि कंपनीचे साहेब एकाच लिफ्टमधून वर गेले. तेव्हा तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होतात, वहिनी, दारं उघडली की वारा आत येतो, माणसं मऊ होतात. माणसं मऊ झाली नाहीत, त्यांचे सोफे मऊ झाले. त्याच जहाजातून लोकांचे फोन चोरून ऐकायची यंत्रं आली आणि ह्यांच्या वर्कशॉपमधला मिशीवाला, जो जरा मोठ्याने बोलायचा, तो एका दुपारी डबा उघडा टाकून गेला तो परत आला नाही. त्याच्या बायकोला अजून कुणी विधवा म्हणत नाही, सधवाही म्हणत नाही.

मी खोटं कशाला बोलू, उघड्या दारातून एक चांगली गोष्टही आली होती. लिफ्ट बसवायला आलेला तो परदेशी मेकॅनिक. त्याने भर कँटीनमध्ये विचारलं होतं, तुमच्या अध्यक्षांचा फोटो लिफ्टच्या मोटरखोलीत कशाला, ते ग्रीस लावतात का? घरी येऊन ह्यांनी आधी खिडक्या लावल्या आणि मग पोट धरून हसले. तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. आणि निर्बंधांनीही एकदा मला बरं वाटलं होतं. मंत्र्यांच्या मुलाला परदेशातलं घर सोडून परत यावं लागलं, तेव्हा त्याचा उतरलेला चेहरा टीव्हीवर बघून मी चहात जास्तीची साखर घातली. पण तेवढंच. आता बाहेरून जे काही येतं ते सरकारातल्या लोकांच्याच गोदामातून येतं, आणि औषधाच्या एका बाटलीसाठी आम्ही त्यांच्याच दारात हात जोडतो. पूर्वी नुसते भीत होतो, आता आभारही मानावे लागतात.

थंडीत ह्यांची छाती भरली. छातीचा वॉर्ड चौथ्या मजल्यावर. लाकडी खुर्चीत बसवून पुढून वॉर्डबॉयने धरलं, मागून मी आणि आमच्या कपड्यांच्या खोलीतल्या मावशींनी. वळणावर खुर्ची भिंतीला घासली. तुमचा भाऊ म्हणाला, खाली ठेव, तुझी कंबर जाईल. मी म्हटलं, गप्प बसा. तिसरा मजला ओलांडला आणि ते गप्प बसले. डॉक्टर धावत खाली आले, पण तोवर धावण्यासारखं काही उरलं नव्हतं. गप्प बसा, हे मी त्यांना शेवटचं बोलले.

मग सरकारी टीव्हीवाले आले. निर्बंधांनी मारलेल्या माणसाची बायको त्यांना हवी होती. मी हो म्हटलं. हॉस्पिटलच्या दारात त्यांच्या कॅमेऱ्यासमोर मी दोन वाक्यं बोलले. पहिलं, लिफ्टचं नवं कार्ड निर्बंधांमुळे आलं नाही. दुसरं, जुनं कार्ड काढून मंत्र्यांच्या लिफ्टला बसवलं. दुसऱ्या वाक्याला त्यांच्या माणसाने कॅमेऱ्यावर हात ठेवला. टीव्हीवर पहिलंच वाक्य दिसलं. त्याचं मला नवल वाटलं नाही, त्यांच्याकडून खऱ्याची अपेक्षा मी कधी केलीच नव्हती.

पण गर्दीतल्या कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं. तुमचा निरोप आला. वहिनी, कमाल केलीत, सभेत दादाचा फोटो लावून तुमचं वाक्य ऐकवलं, लोक उभे राहिले. पहिलं वाक्य तेवढं काढून टाकलं, उगाच लोकांचा गोंधळ होतो.

वन्सं, तुमच्या हातात दोन्ही वाक्यं होती. त्यांच्या माणसाने हात ठेवला तो भीतीने किंवा पगारासाठी. तुम्हाला कुणाची भीती होती? तुमचा भाऊ त्या दोन वाक्यांच्या मधे मेला. तुम्ही दोघांनी एकेक बाजू उचलून नेलीत आणि तो तिथेच जिन्यात राहिला. कोणत्या वाटेने हे सरकार पडेल ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर चांगलंच आहे. पण ते पाडण्यासाठी माझं अर्धं बोलणं लागत असेल, तर तुमच्यात आणि त्यांच्यात मला फक्त अंतर दिसतं, विमानाचं.

हे पत्र एवढ्यासाठीच, की पुढचं तुम्हाला कुणी कापून सांगण्याआधी माझ्याकडून पूर्ण कळावं. कामावरून मला काढलंय. शुक्रवारी चौकीवर बोलावलंय, तिथून मी कधी सुटेन ते माहीत नाही. त्यावर सभा घेऊ नका. दादाचा फोटो तेवढा उतरवा. तुमचा निरोप आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी हॉस्पिटलच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले, आणि वर जायला थांबलेल्या लोकांना माझी दोन्ही वाक्यं मोठ्याने सांगितली.

अजूनही तुमचीच,
वहिनी