वावरातली शाळा

ता. २७ ऑक्टो. १९४१, सोमवार. अनसिंग

दिवाळीची सुट्टी संपली. घंटा दिली, पण निम्म्या मुलीही आल्या नाहीत. कापूस फुटलाय. आया वेचायला आणि मुली धाकट्यांना सांभाळायला, सगळ्या वावरात. दरवर्षीचंच आहे. फक्त दरवर्षी या दिवशी आपणच फळा उचलून वावरात जायचो. मदर क्लेमांसनी शाळा काढली तेव्हापासूनचा रिवाज. वेचणी संपेपर्यंत शाळा धुऱ्यावर, वावराच्या बांधावरल्या बाभळीखाली. "पोरी येत नाहीत तर शाळेनं जावं." मदरचं मराठी शेवटपर्यंत लंगडंच राहिलं, पण हे वाक्य कधी चुकलं नाही.

यंदा जायचं नाही. बिशपसाहेबांची आज्ञा. मॅट्रिकपर्यंतचे वर्ग हवे असतील तर शाळा बारा महिने इमारतीतच भरली पाहिजे. इन्स्पेक्टर पाहायला येणार. मी 'होय' कळवून मोकळी झाले. मदर मायदेशी, फ्रान्सला गेल्या आणि मुख्याध्यापिकेच्या या खुर्चीत मला बसवलं. खुर्ची अजून टोचते.

ता. २९, बुध.

पाटलांच्या वावरात सीतादही. पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीला, कापसाच्या झाडाला, दहीभाताचा नैवेद्य, मग सगळ्यांनी खायचं. मदर झगा आवरून बायकांच्या पंगतीत बसायच्या, बोटं चाटायच्या. बिशपसाहेबांपर्यंत हे कुणी नेलं नाही. मीही बसले.

पार्वतानं विचारलं, फळा कुठं? म्हटलं, यंदा जरा उशीर आहे. उशीर! जीभ झडली नाही.

पार्वता आणि मी याच धुऱ्यावर एका पाटीवर गिरवलं. ती गावातच नांदली, मी मदरच्या मागे गेले. झगा घातला त्या दिवसापासून तिची मी 'सिस्टर, तुमी' झाले.

ता. ३ नोव्हें., सोम.

मृतांचा दिवस. प्रार्थनेत नावं वाचताना मदरच्या नावापाशी अडखळले. घ्यावं की नाही? फ्रान्सात जर्मन शिरल्यापासून एक ओळ नाही. घेतलं नाही. नंतर दिवसभर वाटत राहिलं, आत्मा वाट पाहत असेल तर? आणि जिवंत असतील तर माझ्या पत्राची वाट पाहत असतील. ते तरी कुठं पोचतंय.

फार आठवण येते. त्यांच्या रागाचीसुद्धा.

ता. ५, बुध.

सिस्टर लूसीशी वाद. पोरगी नवी, बी.टी. झालेली, तडफदार. म्हणते, रतन सातवी झाली की पुढे काय? वावर आणि लग्न. तुमची बाभळीखालची शाळा सातवीपुढे नेत नाही. रतन ही पार्वताची थोरली. गणितात मला मागे टाकते. लूसीचं खरं आहे. खरं आहे म्हणूनच माझा आवाज चढला. रात्रीच्या जेवणाआधी माफी मागितली.

ता. ८, शनि.

घरोघर हिंडले. मंगळवारी साहेब येणार, मुली पाठवा म्हणून. पार्वता म्हणाली, धाकलीले कोन पाहीन? एवढंच म्हणाले की साहेब खूश झाले पाहिजेत, शाळेचं सगळं त्यांच्या हातात आहे. तिनं मान डोलावली. फारच समजूतदारपणे डोलावली, तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

ता. ११, मंगळ.

वर्ग तुडुंब. एक मुलगी घरी नाही. आभाळ भरून आलेलं, भिजला तर कापूस मातीमोल, आणि तरी गावातल्या बायकांनी आज वेचणी बंद ठेवली. तान्ही घेऊन मागच्या पडवीत बसल्या. एक पोर रडलं नाही, कसं जमवलं देव जाणे.

इन्स्पेक्टरसाहेब वाशीमहून बैलांच्या दमणीत आले, धुळीनं माखलेले. रतननं फळ्यावर हिशेब सोडवला. साहेब प्रसन्न. हजेरी अशीच राहिली तर जूनपासून आठवी. वेचणीत पुन्हा येतील, न कळवता.

लूसीनं मला मिठीच मारली. मीही हसले. पाऊस आला नाही, देवाची कृपा.

ता. १२, बुध.

पार्वता संध्याकाळी आली, ओच्याला कापूस चिकटलेला, चेहरा फुललेला.

"सायेब खुश होऊन गेले ना, सिस्टर? आता उद्या फळा आनजा वावरात. त्याच्यासाठीच तं आमी वेचा बंद ठेवला."

तेव्हा कळलं. त्यांनी साहेबांना खूश केलं ते वावरातली शाळा वाचावी म्हणून. मी खूश केलं ती बंद करायला. पाहते, म्हणाले. ती हसतच गेली.

ता. १४, शुक्र.

आज सांगितलं. तिच्याच वावरात जाऊन. आठवी, मॅट्रिक, बिशपसाहेब, सगळं. हात न थांबवता वेचत राहिली. मग म्हणाली, रतन शिकली पाह्यजे, हे मले बी वाट्टे. पण तिच्या पाठची धाकली, ते बी पोरगीच हाय.

"मदर असती तं काय केलं असतं?"

मला माहीत नाही, म्हटलं. हेच खरं आहे. त्यांचं प्रत्येक वाक्य पाठ आहे आणि हे माहीत नाही.

"तुले नाई मालूम तं मंग मी कोनाले इचारू व?"

रागानं नव्हे. किती वर्षांनी तिनं मला 'तू' म्हटलं. धुऱ्यावर बसले आणि रडले. ती बाजूला येऊन बसली. धाकली आमच्या दोघींच्या मधे माती खात होती.

बिशपसाहेबांचं पत्र आलंय, वेचणीतही शाळा इमारतीतच राहील अशी लेखी हमी मागतात. उद्याच्या टपालानं उत्तर गेलं पाहिजे. 'आपली आज्ञा शिरसावंद्य' इथवर लिहिलंय. पुढे 'परंतु' लिहिलं. तासभर तिथंच आहे.