पऱ्हाटीवरचा चतुर

ढाणकी, २० सप्टेंबर २०२५

चि. प्रेरणास कोकिळामामीचे अ. आ. वि. वि.

फोनवर बोलायला तोंड नाही, म्हणून लिहिते. कॅमेरा माझ्या हाती देऊन तू यवतमाळला कॉलेजात गेलीस. आपल्या शेततळ्यातला चतुराचा किडा वर येऊन कात टाकतो, तेवढाच फोटो दहा ऑक्टोबरपर्यंत हवा, नाहीतर वर्षाचा प्रकल्प अपुरा, असं बजावून गेलीस. रोज उजाडताना काठावर बसत होते.

परवा मनात आलं, फोटो सारं कॉलेज पाहणार आणि मागे हे गचपण! घट बसायचे म्हणून घर सारवलंच होतं. त्याच उमेदीत तळ्यातला लव्हाळा मुळासकट उपटला, काठ सारवला, वर रांगोळी काढली. तेव्हापासून एक किडा वर येईल तर शपथ. तुझे मामा हसून राह्यले. चतुरायले आता पुरणपोळीचं आवतण धाड म्हणतात. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. तुझं वर्ष मीच बुडवलं का गं?

तुझी मामी

यवतमाळ, २४ सप्टेंबर

ती. मामीस प्रेरणाचा सा. न. वि. वि.

पत्र उभ्यानेच वाचायला घेतलं. मग रांगोळीपाशी पोचले आणि अशी हसले की शेजारच्या खोलीतली खुशी धावत आली.

रागावले नाही. किड्याला पाण्यातून वर चढायला काडी लागते, लव्हाळा गेला म्हणून तो अडलाय. चुलीसाठी रचलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या तळ्यात रोव, निम्म्या पाण्याबाहेर राहू दे. दिवस थोडे आहेत, भीती मलाही वाटते. पण भरवसा तुझ्यावरच. मामांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी प्रेरणा

ढाणकी, ५ ऑक्टोबर

चि. प्रेरणास अ. आ.

आठ दिवस पऱ्हाट्यांवर नुसत्या टाचण्या, ते सुईसारखे बारके चतुर, येऊन बसले. काल मात्र एक किडा चढला, पाठ उकलली, चुरगळलेले पंख हळूहळू पसरले. मला रडूच आलं. डोळे पुसत बटण दाबत होते. एक तरी धड असेल. कॅमेऱ्याचं कार्ड आणि किड्याची रिकामी कात काडेपेटीत घालून पाठवते.

दसऱ्याला काठावर परत छोटी रांगोळी काढली होती. रागावू नकोस, सवय सुटत नाही. पुन्हा फुटू लागलेल्या लव्हाळ्याला हात लावला नाही.

तुझी मामी

यवतमाळ, ९ ऑक्टोबर

ती. मामीस सा. न.

एक्केचाळीस फोटोंत एकच धड निघाला, पण काय निघाला! आज प्रकल्प दिला. चतुराच्या मागे काहीतरी पांढरं, पुसट दिसतं, ते काय म्हणून सरांनी विचारलं. मामीची रांगोळी, मी म्हणाले. फोटोखाली माझं नाव नाही, सौ. कोकिळा भगवानराव, ढाणकी असं लिहिलंय. दिवाळीला येते, तोवर लव्हाळा वाढू दे.

तुझीच प्रेरणा