लाल काचेतून आई

३ सप्टेंबर १९८५, शिकागो

एकतीस रोल. सगळे टेबलावर ओळीने मांडले. सहा आठवड्यांचं युरोप या डब्यांत बसलंय आणि अजून एकाचंही तोंड बघितलेलं नाही. विमानतळावर एक्सरेच्या मशिनात घालू दिले नाहीत, उभं राहून भांडले. आई चार पावलं लांब जाऊन उभी, ही कार्टी कुणाची कोण जाणे असा चेहरा करून.

आज डिपार्टमेंटचं पत्र आलं. स्टॅटिस्टिक्स सोडून फोटोग्राफीला यायचं असेल तर बारा प्रिंट, ११ ऑक्टोबरपर्यंत. १५ ला कमिटी. घेतलं तर इथेच पुढे दोन वर्षं. नाही घेतलं तर मेमध्ये डिग्रीचं भेंडोळं घेऊन साताऱ्याला परत, आणि मग आप्पा म्हणतील ती पूर्व. हे मी होऊ देणार नाही. लिहून ठेवते म्हणजे विसरायला नको.

आईला सांगितलं. भेंडी चिरत होती. "फोटो काढायला डिग्री लागते होय गं?" एवढंच.

८ सप्टें.

पहिल्या चार आठवड्यांचे रोल धुतले. वर्गाबरोबर हिंडले तेव्हाचे. चर्च, पूल, कारंजी, परत चर्च. मास्तरांनी (प्रोफेसर आहेत, पण मनात मी मास्तरच म्हणते) भिंग लावून सगळे बघितले, चहा संपवला आणि म्हणाले, ही पोस्टकार्डांच्या स्टँडवर मिळतात. राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

आकाश मात्र झकास आलंय. काळ्या-पांढऱ्या फिल्मला लेन्सपुढे लाल फिल्टर लावला की निळं आकाश काळंभोर येतं, ढग पांढरेफेक. मास्तरांनीच शिकवलं. सहाही आठवडे मी तो काढलाच नाही.

१२ सप्टें.

आज आईचे रोल. शेवटचे दहा दिवस. ती भारतातून माझ्याकडे शिकागोला यायची होती आणि तिच्या तिकिटावर वाटेत उतरायची सोय होती, म्हणून मी हट्टाने तिला रोमला उतरवून घेतलं होतं. सहावारी साडी, वर आप्पांचा स्वेटर, पायात माझे स्पोर्ट शूज. इथल्या जोशीकाकूंनी आधीच पत्रातून घाबरवलेलं, तिकडे चोर गळ्यातलं ओढतात, म्हणून मंगळसूत्र स्वेटरच्या आत. सगळीकडे तिची एकच कुरकुर. "एकटीचे काय काढतेस? मेली तूही ये की बाजूला."

पहिला प्रिंट ट्रेमधल्या औषधात उमटायला लागला आणि माझे हात थांबले. चर्चच्या पायऱ्यांवर आई, मागे काळं आकाश. मास्तर शेजारी येऊन उभे राहिले. कोण आहे ही? माझी आई. मग म्हणाले, बाकीचं विसर, बाराच्या बारा हिचेच दे.

बसमध्ये एकटीच हसत होते.

१७ सप्टें.

सहा झाले. आईच्या चेहऱ्यात असं काहीतरी आलंय जे मी घरी कधी बघितलं नाही. उघडा, मोठा वाटतो चेहरा. लाल फिल्टरने कातडीही उजळ येते, ते असेल. पण तेवढंच नाही. काय आहे ते सांगता येत नाही. सांगता येत नाही तेच चांगलं, असं मास्तर म्हणतात. स्टॅट्सच्या क्लासला दांडी. बिनधास्त.

२१ सप्टें., शनि.

डेव्हनवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर, गेले होते. पोहे, हिंग, आईला तिची ती ठरावीक उदबत्ती. दुकानात जोशीकाकू भेटल्या. पहिल्या वर्षी मी त्यांच्याच तळघरात राहिले, माझ्यावर हक्क आहे त्यांचा. "बघू बघू युरोप!" म्हणत त्यांनी माझ्या हातातलं प्रिंटचं पाकीट उघडलं. एक प्रिंट बघितला. दुसरा. मग माझ्या दंडाला हात लावून एकदम हळू आवाजात, "कधी गेले गं आप्पा? कळवायचं तरी..."

मी म्हटलं, "काय बोलताय काकू! काल पत्र आलंय त्यांचं."

त्यांनी बोट ठेवलं. आईच्या कपाळावर. कपाळ कोरं होतं.

रुपयाएवढं कुंकू लावते माझी आई. ती झोपेतून उठते तीच कुंकवासकट असं आम्ही लहानपणी म्हणायचो. ते नाहीच. साडीचे लाल काठसुद्धा पांढरे. मंगळसूत्र आत, बांगड्या बाहीत. लाल फिल्टरमधून लाल रंग पांढराच उतरतो, हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय. दहा दिवस मी हे फोटो बघतेय. आकाश बघितलं, पायऱ्या बघितल्या. आईच्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं नाही. थू माझ्या डोळ्यांवर.

पोहे दुकानातच राहिले.

२२ सप्टें., रवि.

आईला कसं सांगू याची रात्रभर जुळवाजुळव केली, आणि सकाळी जोशीकाकूंनीच फोन करून तिची माफी मागितली. झालं.

आईने पाकीट मागितलं. पहिला फोटो बघितला आणि तडक बाथरूममध्ये गेली. मी मागे. आरशात स्वतःचं कपाळ बघत होती. बोट लावून बघितलं, लाल झालं. मग बाहेर आली.

"माझं कुंकू कुठंय?"

मी फिल्टर, तरंगलांबी वगैरे सुरू केलं. तिने हात वर केला. "विज्ञान मला नको शिकवूस. सत्तावीस वर्षं आठवीला शिकवलंय. आण ती काच." काच डोळ्याला लावून करंड्यात बघितलं, मग शेजारच्या पांढऱ्या कागदाकडे. "बरोबर. दोन्ही सारखंच दिसतं." काच परत दिली. "समजलं. आता यातला एकही फोटो कुणाला दाखवायचा नाही."

"आई, पण समजलं ना तुला?"

"समजलं म्हणून चाललं असं कुणी सांगितलं?"

संध्याकाळी तिच्या आग्रहाखातर साताऱ्याला फोन, शेजारच्यांकडे. तिकडे पहाट. आप्पांना उठवून आणलं. "धडधाकट आहे! काय झालंय काय तुम्हाला दोघींना?" आईने विचारलं, दाढ दुखायची थांबली का. बाकी काही नाही.

२६ सप्टें.

हरणार नाही. बारीक ब्रश, तांबडा रंग, एका प्रिंटवर कुंकू काढलं. तीन तास. गोल सुद्धा छान आला. आईपुढे ठेवला.

"हे काय? जत्रेतल्या स्टुडिओसारखं." मग चष्मा काढून, "आणि माझं कुंकू तू लावणारी कोण?"

मास्तर म्हणाले, फोटो मेला. दोन्हीकडून बोलणी खाल्ली. प्रिंट फाडला.

१ ऑक्टो.

चार दिवस परत फोटो काढतेय, बिनफिल्टरचे. तळ्याकाठी, डेव्हनवर, बसस्टॉपवर. कुंकू ठळक येतंय. बाकी काहीच येत नाही. आई शाळेच्या ग्रुप फोटोला उभी राहते तशी हात बांधून उभी. मास्तर म्हणाले, आता ही तुझ्यासाठी उभी आहे, तिकडे ती स्वतःसाठी चालत होती. मला हे कळत नव्हतं का? पण युरोप परत कुठून आणू.

एक वाईट विचार आला, लिहून टाकते. आई बावीसला जाणार. न विचारता दिले तर तिला कळणार कसं? बारा प्रिंट तयार आहेत. लॉकरमध्ये आहेत. किल्ली माझ्याकडे आहे.

५ ऑक्टो.

भांडण. फार बोलले. "सायन्स टीचर आणि कपाळाला घाबरतेस! आप्पा फोनवर ठणठणीत आहेत आणि तू शकुन-अपशकुन घेऊन बसलीस. माझं आयुष्य अडलंय इथे." तिने ऐकून घेतलं. भांडी विसळून झाल्यावर ओल्या हातांनीच खुर्चीत बसली.

"अपशकुन कुठला गं. माझी आई एकतिसाव्या वर्षी विधवा झाली हे तुला माहितीये. पुढे ट्रेनिंग कॉलेजच्या फॉर्मला लागतो म्हणून तिने फोटो काढला, मास्तरीण व्हायचं होतं. तो एकच. आयुष्यात दुसरा नाही. कुंकवाची आई मी बघितलीय. सहा वर्षांची होते. मांडीवर बसून कुंकवाला बोट लावायचे म्हणे. पण मला ती आठवतच नाही. आई म्हटलं की तो फॉर्मवरचा फोटोच दिसतो. त्या फोटोने माझी आधीची आई पुसून टाकली."

मी तिच्या ओल्या हातांत पंचा दिला.

"तुझ्या पोरांना माझा असला फोटो दाखवशील तू. हेच राहील मागे. मला नाही राहायचं असं."

मला रडू आलं, तिला नाही. पक्ष चालू आहे, परवा मामा तिकडे आजीचं करेल, म्हणाली. मग दुधाला विरजण लावायला उठली.

लॉकरची किल्ली तिच्या पर्सशेजारी ठेवली आणि सांगून टाकलं की मनात काय आलं होतं. "माहितीये," म्हणाली. "तुझ्या तोंडावर दिसत होतं मंगळवारपासून."

७ ऑक्टो.

कमिटीला नाव मागे घेते असं लिहायला बसले होते. दोन ओळी झाल्या, तिसरी होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने मागून वाचलं.

"फाड ते. फोटो आण सगळे."

आणले. तिने पलंगावर पसरले, दिवा जवळ ओढला आणि एकेक बघायला लागली. अर्धा तास. मी स्वयंपाकघरात उगाच ओटा पुसत होते. हाक आली.

"नंदे, यात मी कुठेय?"

वाटलं, परत सुरू.

"अगं नीट बघ. ही माझी आई आहे. ही हनुवटी, हे असं मान वर करून बघणं. मला वाटायचं मी वडिलांवर गेलेय." एक फोटो उचलला, नदीकाठचा. "त्या फॉर्मवरच्या फोटोनंतर बाई कधी साताऱ्याच्या पलीकडे गेली नाही. कऱ्हाडला दोनदा, तेही बाळंतपणं करायला. बघ आता कुठे उभी आहे."

मग एकदम शाळेतल्या आवाजात, "खाली नाव लिहायचं असतं ना तुमच्यात? माझं नको. तिचं लिही. कृष्णाबाई. मग दे तुझ्या कमिटीला."

"आई, हे खोटं होईल."

"मग खरं काय ते तोंडाने सांग. तोंड आहे ना तुला? माझ्याशी तर चांगलं चालतं."

पण एक बाजूला काढला. पॅरिसचा, कबुतर अंगावर आल्यावर ती खदखदून हसतेय तो. "हा नाही जायचा. आईला मी असं हसताना बघितलेलं नाही. हा माझा आहे." तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. म्हटलं, अगं बारा लागतात, अकरा चालणार नाहीत. "मग नाही चालणार," म्हणाली.

हट्ट कुणाकडून आला आमच्यात ते कळलं.

१० ऑक्टो.

अकरा प्रिंट दिले. खाली इंग्रजीत: कृष्णाबाई, रोम. कृष्णाबाई, फ्लॉरेन्स. कृष्णाबाई, पॅरिस. मास्तरांनी नावं वाचली, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, अकरा आहेत. म्हटलं, हो. बारावा टाक, चर्चचा टाक कुठलातरी. नाही म्हटलं. तो म्हणजे दगड आहे, त्याला या बाईच्या रांगेत कशाला उभा करू. मास्तरांनी खांदे उडवले. नियम मी केलेले नाहीत, म्हणाले.

दुपारी आईने हिरवी साडी नेसून, कुंकू लावून, मंगळसूत्र बाहेर काढून रंगीत फोटो काढून घेतला, खुर्चीत बसून. हात मांडीवर. सातारी फोटो अगदी. "हा फ्रेम करून पाठव. पोरांना हा दाखव." नाक मुरडलं नाही मी. मन लावून काढला, तीन वेळा काढला.

१५ ऑक्टो.

कमिटी. चौघं. पहिला प्रश्न, बारावा कुठे? म्हटलं, दिला नाही तिने. दुसरा, कृष्णाबाई कोण? मग सगळं सांगितलं. काच, कुंकू, जोशीकाकू, फॉर्मवरचा फोटो. माझं इंग्रजी मध्येच अडकलं, तरी थांबले नाही. एकजण सारखं घड्याळ बघत होता. एकाने विचारलं, म्हणजे तांत्रिक चूक झाली तुझ्याकडून? हो म्हटलं, माझीच. त्याने काहीतरी लिहून घेतलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. टोकाला एक म्हातारी बाई होत्या. उठताना त्यांनी नदीकाठचा फोटो परत जवळ ओढला आणि विचारलं, या एकूण किती दिवस होत्या युरोपात?

निकाल पत्राने, दोनतीन आठवड्यांत. अकरांवर घेतात की नाही, मास्तरांनाही ठाऊक नाही. आईचं विमान बावीसला, म्हणजे तिला कळायचं ते साताऱ्यातच. घेतलं नाही तर पुढच्या वर्षी परत अर्ज करणार. हे मी वाटेतच ठरवून टाकलं.

घरी आले तर आई दारातच. मला वाटलं, कसं झालं विचारेल.

"आईला काय म्हणाले?"

"विचारत होते, किती दिवस होत्या युरोपात."

"मग?"

"दहा म्हटलं."

आईने जरा विचार केला. "पंधरा सांगायचे होतेस," म्हणाली. "पायाने दणकट होती ती."